दोन्ही दारं उघडी

रात्रपाळी सुटली की शिरूरहून दौंडला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत एक मावशी रोज दिसायच्या. मांडीवर शेवंतीची पाटी, तिच्यावर दोन्ही हात, आणि गाडी सुटताच गाढ झोप. वाटेतला त्यांचा थांबा आला की आपोआप डोळे उघडायचे. नाव मी कधी विचारलं नाही.

मला मात्र झोप येत नव्हती. आई चंद्रपूरकडं गावी आजारी, म्हणून फोन सतत मुठीत. एका पहाटे मशीनवर डुलकी लागली आणि हात थोडक्यात वाचला. त्या सकाळी एसटीत मावशींच्या शेजारी बसलो आणि पुन्हा पुन्हा फोन उघडून बघत राहिलो. मावशींनी विचारलं, तसं मी सगळं सांगून टाकलं.

"आरं लेकरा, डाक्टर म्हनला मला, मेंदूत जागं ठिवणाऱ्या पेशी येगळ्या, झोपवणाऱ्या येगळ्या. येक चालू झाली की दुसरीला गप करती. रानात पाटाचं पाणी भरताना बघ, ह्या वाफ्याचं दार फोडलं की दुसऱ्याचं बुजवायचं. तू दोन्ही उघडी ठिवलीस, मंग कुठला वाफा भिजंल?"

माझी शाळा नववीत सुटलेली. पेशी कळल्या नाहीत, वाफा कळला.

"पण मावशी, घरचा फोन आला तर?"

"आण हिकडं. मी हाय की जागी."

त्यांनी हलवलं तेव्हा दौंड आलं होतं. "न्हाई आला कुणाचा. आन् घोरतोस लई!" फोन माझ्या हातात देऊन त्या खाली उतरल्या आणि पाटी डोक्यावर घेऊन परतीच्या गाडीची वाट बघत उभ्या राहिल्या.