राउटरच्या नकाशातली जादा रेघ

सदर व्यक्ती पाणीपुरवठा खात्यातून सेवानिवृत्त झालेली आरेखक असून हल्ली आजी या पदावर कार्यरत आहे. नळवाहिन्यांच्या नकाशात तिने एकही रेघ कधी लोंबकळत सोडली नाही. स्वभाव शंकेखोर, हा गुण समजण्यात यावा.

तर आजींनी घरातल्या नेटचा नकाशा काढायला घेतला, त्याला कारण घडलं होतं. बाळाच्या पाळण्यावरच्या कॅमेऱ्याने दुपारी आपणहून मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं होतं. सून म्हणाली, "भास झाला असेल, आई." पण भास काही घुर्र असा आवाज करत मान वळवत नाही.

जेवणाच्या टेबलावर कागद पसरला. मधोमध राउटर, टाकीसारखा. वायर असेल तिथे सलग रेघ, वायफाय असेल तिथे तुटक. टीव्ही, प्रिंटर, दोघींचे फोन, कॅमेरा.

"अहो आई, हे काय पाण्याचे पाइप आहेत?"

"वाहतं ना काहीतरी? मग झालं तर. तू वाच, कोण कोण जोडलंय ते."

सुनेने फोनवर पाहून वाचलं. कागदापेक्षा एक जास्त निघालं. त्याला नाव नव्हतं. सुनेचं हसू मावळलं.

चोरटा नळ शोधायचा तर आधी ओळखीचे बंद करायचे, ही खात्याची रीत. टीव्ही बंद केला, प्रिंटर बंद केला, आजींचा फोनही. कॅमेऱ्याला मात्र सुनेने हात लावू दिला नाही. बाळ आत एकटं होतं. निनावी पाहुणा जागचा हलला नाही.

"आता मुख्य व्हॉल्व्ह," आजी म्हणाल्या. "पाणी तुटलं की चोरच आधी बोंब मारतो." आणि त्यांनी राउटरची पिन उपटली.

दोघी एकमेकींकडे न बघता बसून राहिल्या. जिन्यात चपला वाजल्या, वरून खाली येणाऱ्या. मग बेल.

दारात वरच्या मजल्यावरचे काका. एकटे राहणारे, भेटतील तेव्हा हसणारे. आत्ताही हसत होते.

"नेट गेलं का हो तुमचं?"

आजींनी दार अर्धंच उघडं ठेवलं.

"छे, मी पण वेडा, बेल काय वाजवली," काकांनी आवाज खाली आणला. "उठेल ना बाळ. आत्ताच कुठे भिंतीकडे वळून झोपलंय."

आजींनी दार लावलं, कडी घातली आणि आतल्या खोलीत गेल्या.

बाळ भिंतीकडे तोंड करून झोपलं होतं.