नकाशाला आलेला हिरवा काठ

गेल्या मंगळवारची दुपार. वडगावातलं आमचं घर, बाहेर पाऊस, आणि लाइट गेल्यामुळे साड्या विणायचे चारही यंत्रमाग बंद... मी लॅपटॉप बॅटरीवर चालवत बसले होते.

मी नकाशे करते. निपाणीकडच्या वेदगंगेकाठच्या गावांसाठी पुराचा नकाशा करून दोन दिवसांपूर्वी पाठवला होता. निळं म्हणजे नदी-ओढे, लाल म्हणजे पूर येणारी जागा, हिरवं म्हणजे सुरक्षित. माणसांचे आणि जनावरांचे तंबू कुठे टाकायचे, ते त्यावरून ठरणार होतं. त्यातल्याच एका गावात माझी मावशी राहते.

काम किचकट होतं. राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यापलीकडचा डेटा अक्षांश-रेखांशात, अलीकडचा मीटरमध्ये. दोन्ही एकाच प्रोजेक्शनमध्ये, म्हणजे एकाच मोजमापात आणायचे, शिवाय नकाशातला तीस मीटरचा चौकोन, म्हणजे पिक्सेल, दहा मीटरचा करायचा... सीमेवरची जोड कुठे दिसत नव्हती. मला त्याचं जरा कौतुकही वाटलं होतं.

माग बंद म्हणून आप्पा, माझे वडील, शेजारी येऊन बसले. त्यांचं सगळं आयुष्य साड्या विणण्यात गेलंय. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी स्क्रीन बघितली. "ह्यो हिरवा काठ कुणी घातला गं ओढ्याला?"

गाळ साठून ओढ्याचा काठ कधीकधी उंच होतो, असं मी सांगितलं. दोन दिवसांपूर्वी मी स्वतःलाही हेच सांगितलं होतं.

"उंच असंल की. पण दोन्हीकडं सारखाच रुंद? वळणावर बी?" त्यांनी स्क्रीनवर दोन बोटं ठेवून रुंदी धरली आणि तशीच ओढ्याबरोबर वर सरकवली. "असला काठ मागावर निघतोय. ओढ्याला कुणी शिकवलं?"

मी झूम केलं आणि काठातल्या पिक्सेलचे आकडे बघितले.

अशा चौकोनांच्या नकाशात, म्हणजे रास्टरमध्ये, प्रत्येक पिक्सेलला एक आकडा असतो. माझ्या नकाशात निळ्याला एक, हिरव्याला दोन, लालला तीन. हे आकडे नुसती नावं आहेत, त्यांची सरासरी काढायची नसते. पिक्सेल बारीक करताना मी सॉफ्टवेअरला नेमकी सरासरीची पद्धत दिली होती. एक आणि तीनच्या मध्ये त्याने इमानेइतबारे दोन भरला.

म्हणजे जिथे जिथे पाणी आणि पूर एकमेकांना भिडतात, तिथे नकाशा सांगत होता... सुरक्षित. वीस मीटर रुंद पट्टा. तंबूंची एक रांग मावेल इतका.

नकाशा ज्यांना पाठवला होता त्या तिथल्या साहेबांना फोन केला, लागला नाही. मावशीचा बंद. कामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'नकाशा वापरू नका' लिहिलं. एकच टिक आली. मी त्या टिककडे बघत राहिले, ती दोन होईना. आप्पा शेजारून उठले नाहीत.

चाळीस मिनिटांनी अनोळखी नंबर. शेजारणीच्या फोनवरून मावशी. "काय गं, माझा फोन बंद पडलाय, म्हणून हिच्यावरनं लावला. म्हशी बांधून आत्ताच आलोय. ओढ्याकडंला तंबू ठोकलेत."

मी विचारलं, ओढ्याकडंला कशाला?

"नकाशात हिरवं हाय की. पाटलांची म्हातारी कुरकुरत होती, ओढ्याला फुगवटा येतोय म्हणून. मीच तिला गप केलं. म्हटलं, आमच्या आक्काची पोरगी करत्या नकाशा, ती चुकायची न्हाय."

माझी आई म्हणजे तिची आक्का.

"मावशी, म्हशी सोड. सगळ्यांना उठव, माळावर जा. माझं चुकलंय."

तिने का म्हणून विचारलं नाही. फोन चालूच राहिला... चिखलातून पळणारी पावलं, मग तिची हाक, "ए, सोडा सोडा, वर चला." मग कट.

पुढचे दोन तास कसे गेले ते लिहिता येणार नाही. मी नकाशा पुन्हा केला. सरासरी काढून टाकली, ज्या त्या पिक्सेलला जवळचाच आकडा दिला. हिरवा काठ नाहीसा झाला आणि लाल रंग थेट निळ्याला जाऊन टेकला. हा नकाशा दिसायला ओबडधोबड आहे, पायऱ्या पायऱ्यांचा. तोच खरा आहे.

साडेपाचला मावशीचा फोन आला. नदीचं पाणी उलटं शिरून ओढ्याला फुगवटा आला होता, तंबूंच्या जागी कमरेइतकं पाणी. "म्हशी वर हायत, माणसं वर हायत. खुंट्या तेवढ्या गेल्या." मग म्हणाली, "त्या म्हातारीला आता काय सांगू गं?"

खरं ते सांग, म्हटलं.

आप्पा, थँक यू. हे मी अजून त्यांना तोंडावर म्हटलेलं नाही, आणि ते फेसबुकवर नाहीत. आता नकाशा पाठवण्याआधी त्यांच्यासमोर ठेवते. ते दोन बोटांनी काठ मोजतात... आणि ती बोटं उचलली जाईपर्यंत मी नकाशा पाठवत नाही.