आजीच्या आवाजातला परिसर अभ्यास

माझ्या सासूबाई चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवत होत्या. निवृत्त झाल्यावर सदाशिव पेठेतली भाड्याची जागा सोडून त्या आमच्याकडे धायरीला राहायला आल्या, पण धायरी पुण्यात आहे हे त्यांनी अजून मान्य केलेलं नाही. पेठेत कुणाकडे निघाल्या की 'पुण्याला जाऊन येते' असंच सांगतात. सोसायटीच्या फलकावरच्या नोटिसा त्या लाल पेनने तपासतात. सेक्रेटरींनी एकदा दबकत विचारलं, तर म्हणाल्या, पाण्याची टाकी स्वच्छ करणार आहात ना, मग नोटीसही स्वच्छ लावा.

अशा बाईंच्या एकुलत्या एका नातीला, म्हणजे माझ्या मुलीला, चौथीत आली तरी धड वाचता येत नव्हतं. एकदा ऐकलेली गोष्ट ती हावभावांसकट तशीच्या तशी सांगायची. पण पुस्तक समोर आलं की 'घर'चं 'धर' व्हायचं, एक ओळ वाचून ती थेट तिसरीवर उतरायची, आणि मग तिला तहान लागायची. दोन वर्षं मी रोज संध्याकाळी तिला ओरडले, ते आता सांगायलाही लाज वाटते. 'माझी आई' या निबंधात तिने लिहिलं होतं, 'आई रोज मात करते.' भात लिहायचं होतं तिला. सासूबाईंनी वाचून वही मिटली आणि म्हणाल्या, शुद्धलेखन चुकलंय, मजकूर बरोबर आहे.

शाळेने सुचवलं म्हणून तिच्या चाचण्या करून घेतल्या. निदान झालं डिस्लेक्सिया. बुद्धी छान आहे, फक्त अक्षरं ओळखायची आणि जुळवायची वाट तिच्यासाठी वेगळी आहे, असं तिथल्या डॉक्टरांनी समजावलं. नवऱ्याने तो अहवाल तीनदा वाचला आणि तिच्यासाठी आंबा कापायला घेतला. सासूबाईंना मात्र ते पटलं नाही. आमच्या वेळी याला आळस म्हणायचे, आणि औषध एकच होतं, दहा वेळा लिहून काढणं, असं त्यांचं मत पडलं.

आठवड्यातून दोनदा सदाशिव पेठेत एका शिक्षिकेकडे तिला न्यायचं ठरलं. अशा मुलांना शिकवण्याचं खास शिक्षण घेतलेली ती मुलगी, वय तिशीच्या आतलं, पायात बूट, झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्यांत वर्ग. पोहोचवायला सासूबाईच जायच्या, कारण त्यांना तसंही 'पुण्याला' जायचंच असायचं.

एका शनिवारी त्या शिक्षिकेने मुलांच्या घरच्या माणसांना बोलावलं. आम्ही सात-आठजण मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसलो. खडकीच्या एका सरकारी कारखान्यात कामाला असलेले चाळिशीचे एक गृहस्थ होते. ते मुलासाठी नव्हे, स्वतःसाठी यायचे. त्यांनाही हाच त्रास होता आणि त्याचं नाव त्यांना वर्षभरापूर्वीच कळलं होतं. मुलं आतल्या खोलीच्या दारातून डोकावत होती.

शिक्षिकेने प्रत्येकाला एक कागद दिला आणि सांगितलं की तिसरीचा उतारा आहे, दोन मिनिटांत मोठ्याने वाचायचा. कागदावर काही अक्षरं उलटी होती, काना-मात्रा शेजारच्या अक्षरावर सरकल्या होत्या, ओळी एकमेकींत घुसल्या होत्या. पहिला नंबर अर्थातच सासूबाईंचा. त्या ऐटीत उभ्या राहिल्या, 'एका' म्हणाल्या आणि थांबल्या. मग 'एका' पुन्हा म्हणाल्या. शिक्षिका मुद्दाम मागून बोलत राहिली, की सोपं तर आहे, काल तर येत होतं, लक्ष कुठे आहे. सासूबाईंनी कागद आधी डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. दीड ओळीनंतर त्या म्हणाल्या, चष्म्याचा नंबर वाढलेला दिसतोय.

"मुलंही असंच काहीतरी सांगतात," शिक्षिका हळूच म्हणाली. "बहुतेकांचं पोट दुखतं."

तेवढ्यात माझी लेक दारातून निघून आजीजवळ आली आणि तिने कागद आपल्याकडे वळवला.

"आजी, ओळीखाली बोट ठेव. आणि घाई नको करूस, ती लोकं तशी बोलतातच."

सासूबाईंनी बोट ठेवलं. उतारा संपायला सात मिनिटं लागली.

परतताना रिक्षा राजाराम पुलावर आली. तेव्हा सासूबाई म्हणाल्या की कागद चुकीचा छापला होता. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "तिला रोज असाच छापलेला कागद मिळतो का गं?"

मी मान डोलावली. मुलगी आमच्या दोघींच्या मधे झोपली होती. सासूबाईंनी तिचं दप्तर स्वतःच्या मांडीवर घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून त्या परिसर अभ्यासाचं पुस्तक घेऊन स्वयंपाकघराचं दार लावून बसायला लागल्या. माझा जुना मोबाइल त्यांनी ताब्यात घेतला होता. सगळे धडे आपल्या आवाजात भरून ठेवायचे, म्हणजे पोरगी ऐकून शिकेल, अशी त्यांची योजना. वाचनाचा सराव शिक्षिकेकडे चालूच होता. पण तोवर बाकीचे विषय का बुडवायचे, असं त्यांचं म्हणणं. पण पुस्तक जसंच्या तसं वाचणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. 'हे वाक्य चार ओळींचं आहे, अर्थ अर्ध्या ओळीचा आहे, तेवढाच घे,' असं मधेमधे यायचं. कुकरची शिट्टी यायची. कुकर बंद कर, म्हणून मला दिलेली हाकही त्यात होती.

सहामाहीला शाळेने तिची तोंडी परीक्षा घ्यायचं मान्य केलं. त्या दुपारी वर्गशिक्षिकेचा फोन आला. धान्य साठवताना कोणती काळजी घ्याल, असा प्रश्न होता. मुलीने उत्तर दिलं होतं, की डबा कोरडा हवा, झाकण घट्ट हवं, कडुनिंबाचा पाला घालावा, आणि आमच्या आईसारखा ओला चमचा डाळीत घालू नये, तिला सांगून उपयोग नाही. उत्तर बरोबर असल्याने पूर्ण गुण दिलेत, असं बाई हसू दाबत म्हणाल्या.

मी सासूबाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, एक गुण कापायला हवा होता, शेवटी पाल्हाळ आहे. पण संध्याकाळी खालच्या बाकावर त्या तिघीचौघींना तोच किस्सा सांगत होत्या, आणि ओला चमचा दर वेळी मोठा होत होता.

ही गोष्ट सदाशिव पेठेतल्या वर्गात पोहोचली. खडकीचे ते गृहस्थ एकदा जिन्यात थांबले आणि सासूबाईंना 'बाई' म्हणून हाक मारली. त्यांना बढतीसाठी खात्याची परीक्षा द्यायची होती. बढती दोनदा आली आणि दोनदा त्यांनी तब्येतीचं कारण सांगून अर्जच भरला नव्हता. नियमांचं पुस्तक हिंदीत होतं. वाचून द्याल का, हे विचारायला त्यांना बराच वेळ लागला, आणि बाईंना पुस्तक ओढून घ्यायला अजिबात लागला नाही.

महिनाभर आमच्या घरात रजेचे नियम घुमत होते. सासूबाईंची हिंदी ही मराठीच असते, फक्त शेवटी 'है' येतं. 'यह नियम जिसने लिखा, उसको खुद को समझा नहीं है,' असे शेरे त्यात होतेच. ते गृहस्थ खडकी स्टेशनवर गाडीची वाट बघत ऐकायचे. परीक्षेत जादा वेळ मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला, तो मंजूर झाला. पहिल्या खेपेला थोडक्यात राहिले. दुसऱ्या खेपेला पास झाले आणि पेढे घेऊन धायरीला आले. ते बाईंच्या पाया पडले. बाईंनी त्यांना आधी बसायला सांगितलं आणि मग विचारलं, की पहिल्या वेळी नेमका कुठला नियम चुकला.

मुलगी आता सातवीत आहे. जोडाक्षरं अजून तिला छळतात, आणि मराठीचे गुण बेताचेच असतात. गेल्या रविवारी ती दार लावून बसली होती. तासाभराने बाहेर येऊन तिने सांगितलं, की तिने नऊ पानांची एक कथा एकटीने, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, आणि कथा भिकार आहे. मला तिला मिठी मारायची होती. पण सासूबाईंनी चष्मा लावला, भिकार का, ते मुद्देसूद सांग म्हणाल्या, आणि त्या दोघी जेवायची वेळ होईपर्यंत भांडत बसल्या.