लेबलाशेजारची चिठ्ठी

नांदेडच्या आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत जे शिपाईकाका आहेत, त्यांचं मला काही कळत नाही. वाळलेल्या बुरशीच्या पाकिटांचं कपाट उघडताना ते "हाव, हाव, आलो" म्हणतात, जणू आतून कोणी हाक मारली. आत कीड लागली का, हे बघायला प्रत्येक पाकीट आधी कानाशी नेतात.

इस्लापूरच्या रानातल्या पडलेल्या खोडांवरची ही बुरशी शोधून आणतात काका. लेबलावर गोळा करणारा म्हणून नाव येतं आमच्या विभागप्रमुख सरांचं. मी विद्यार्थी संघटनेची पत्रकं काढणारा माणूस, मला हे सहन होईना. एका दुपारी काका चहाला गेले तेव्हा मी एका लेबलावरचं सरांचं नाव खोडून काकांचं लिहिलं.

परत आल्यावर काकांनी ते पाहिलं आणि पाकीट माझ्यासमोर धरलं.

"काय करून ठेवलंस रे! जुन्या लेबलाला हात लावायचा न्हाई. चुकलं असलं तरी न्हाई. बाजूला नवी चिठ्ठी लावायची."

"पण काका, ते खोटं होतं!"

"असंल. पण आता समदं पाकीटच खोटं दिसून राहिलं."

त्यांनी डिंक काढला आणि सुबक अक्षरात चिठ्ठी लिहून चिकटवली: 'मूळ लेबलावर खाडाखोड', पुढे माझं पूर्ण नाव आणि तारीख.

"मग अजून एक चिठ्ठी लावा," मी चिडून म्हणालो, "बुरशी कोणी आणली त्याची."

काकांनी चिकटवलेली चिठ्ठी अंगठ्याने नीट दाबली.  डिंकाच्या बाटलीचं झाकण मात्र त्यांनी लावलं नाही.