खताच्या डब्यावरची माझी पाटी

मंडळी, आज तोंड लपवावंसं वाटतंय.

बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत मी पार्किंगच्या कोपऱ्यात ओल्या कचऱ्याचं खत करतो. डबा कुलकर्णीकाकूंच्या खिडकीखाली आहे. परवा त्या म्हणाल्या, "अहो, वास येतो हो फार."

मी डब्यावर पाटी लावली: "खताला वास येत नाही. आपले नाक तपासून घ्यावे."

सोसायटीत सगळे हसले. मीही.

आज झाकण उघडलं आणि मागेच सरकलो. आत अळ्या वळवळत होत्या. उरलेली कढी मीच ओतली होती, तीच नासली होती.

गुपचूप पाटी काढायला गेलो, तर खाली काकूंचं सुबक अक्षर: "तपासले. खिडकी लावून घेतली आहे."

वर पाहिलं. एवढ्या उकाड्यात खिडकी बंद.

डबा धुऊन झालाय. आता काकूंची बेल वाजवून काय बोलू?