गरम गाडी बंद करून बघा

विब्के हार्म्सला लहानपणापासून एक खोड होती. वस्तू दुरुस्त झाली तरी ती मुळात का बिघडली होती, हे कळल्याशिवाय तिला चैन पडत नसे. गावच्या ट्रॅक्टर मेकॅनिकने तिला दुकानात यायला बंदीच घातली होती.

पुढे विद्यापीठात ती विद्यार्थ्यांच्या रेसगाडीच्या टीममध्ये शिरली. वायरिंग तिच्याकडे. इतकं नेटकं, की जर्मनीतल्या हॉकेनहाइमच्या स्पर्धेत परीक्षकांनीही मान डोलावली.

तिथेच गेल्या ऑगस्टमध्ये घात झाला. लांब शर्यतीत अर्ध्यावर गाडी बंद करून चालक बदलतात. वर्षभर तयारी केलेला त्यार्क पट्टे आवळून बसला, आणि गाडी सुरूच झाली नाही. एकही फेरी न मारता बिचारा उतरला. यंदा त्याचं शेवटचं वर्ष.

टीमने बॅटरीवर खापर फोडलं आणि मोठी बॅटरी आणली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. विब्केला मात्र प्रश्न पडला, एरवी कधी न रुसणारी गाडी तिथेच का रुसली? तिने सरावाच्या नोंदी चाळल्या आणि तिला हसूच आलं. सरावात चालक बदलताना इंजिन चालूच ठेवायची टीमची रीत होती, वेळ वाचतो म्हणून. तापलेली गाडी बंद करून लगेच पुन्हा सुरू होते का, हे कुणी बघितलंच नव्हतं.

"अगं, नवी बॅटरी बसवली ना? झालं की," त्यार्क वैतागला.

"शर्यतीतल्यासारखी अकरा किलोमीटर पळव, बंद कर, तीन मिनिटं थांब. एवढंच कर."

"हट्टी आहेस."

"आहे. बस आता."

जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर त्याने गाडी पळवली, थांबवली. तीन मिनिटांनी बटण दाबलं. काहीच नाही.

विब्केने मागे हात घातला आणि चटका बसून काढला. स्टार्टरला वीज सोडणारा रिले तिनेच, तारा दिसू नयेत म्हणून, सायलेन्सरच्या नळीमागे लपवला होता. तापला की तो काम सोडायचा, निवला की पुन्हा शहाण्यासारखा वागायचा. गुपचूप हलवला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बॅटरी नव्हती, त्यार्क. माझा रिले होता. तुझी शर्यत मी घालवली."

त्याने पट्टे सोडले.

"मला वर्षभर वाटत होतं," तो म्हणाला, "घाईत माझ्याच हातून काहीतरी भलतं दाबलं गेलं."

वर्षभर ती तारांना, नोंदींना, बॅटरीला विचारत होती. ती गाडीशेजारी डांबरावर बसली आणि पहिल्यांदा त्याला म्हणाली, "तेव्हा काय काय झालं, सांग मला."