फिजिक्सवाली अक्का

सही मागायला उभी असलेली मुलगी सही घ्यायला नकार देते, हे मी पहिल्यांदा बीडच्या आमच्या कॉलेजच्या गेटवर पाहिलं. मी तेव्हा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते आणि वडवणीहून रोज बसने ये-जा करायचे. शेवटचा तास संपला की स्टँडकडे पळायचं, एवढंच माझं कॉलेजजीवन. त्या दिवशी गेटपाशी एक टेबल मांडलेलं होतं. मागे कापडी फलक होता, 'उच्च शिक्षणावरील खर्चकपात रद्द करा.' सही करून सुटावं म्हणून मी घाईने पेन उचललं, तर टेबलामागच्या किडकिडीत मुलीने कागदावर तळहात ठेवला.

"कशावर सही करायलीस?"

मी फलकाकडे बोट दाखवलं.

"ते मलाबी वाचता येतं. मला काहीतरी इचार आधी. इचारल्याबिगर मी सही घेत न्हाई."

बस सुटायची वेळ झाली होती. मी चिडून विचारलं, "यात तुम्हाला काय मिळतं?"

तिचा चेहरा खुलला. "हां, हा झाला प्रश्न," असं म्हणून ती बोलायला लागली, आणि माझी बस गेली. मग पुढच्या बसपर्यंत ती माझ्याबरोबर स्टँडवर येऊन बसली. बोलता बोलता बाकड्यावरच तिला डुलकी लागली. बस लागल्यावर मीच तिला हलवून उठवलं.

ती उज्ज्वला शेटे. केज तालुक्यातल्या नांदूरघाटची. वडील मन्मथआप्पा यांचं तिथे किराणा दुकान. लिंगायत घर, तीन भावंडांत ही थोरली, म्हणून घरी अक्का. एम.एस्सी. फिजिक्सला होती, त्यामुळे कॉलेजात ती 'फिजिक्सवाली अक्का' झाली. तिच्यापेक्षा मोठ्या वयाचे प्राध्यापकसुद्धा तिला अक्काच म्हणत. देशभर शाखा असलेल्या एका विद्यार्थी संघटनेचं जिल्ह्याचं काम तिच्याकडे होतं. जिल्ह्याचं काम हे ऐकायला मोठं वाटतं. प्रत्यक्षात ती, एक रेक्झिनची बॅग आणि एसटीचा पास.

पुढची तीन वर्षं मी तिच्यामागून फिरले. ती वक्ता म्हणावी अशी नव्हती. आवाज बारीक, त्यात सदान्‌कदा बसलेला. घोषणा दुसऱ्याने द्यायची, ही फक्त हात वर करायची. गेवराईच्या एका कॉलेजसमोर आम्ही सभा घेतली, तिथे गेटसमोरूनच हायवे. वाळूचे हायवा ट्रक धडधडत जायचे. हायवा आला की अक्का बोलणं थांबवायची आणि तो गेला की ज्या शब्दावर थांबली होती त्याच शब्दापासून पुढे सुरू करायची. ना माइक, ना स्टेज. पहिल्यांदा मुलं हसली. नंतर हायवा आला की तीच एकमेकांना म्हणायला लागली, "गप बे, अक्काचं वाक्य राहिलंय."

दिल्लीहून संघटनेची पत्रकं यायची. त्यांत राष्ट्रीय उत्पन्नातला शिक्षणाचा वाटा, अनुदानाचं धोरण, असं सगळं बरोबर लिहिलेलं असायचं. अक्का ते रात्रीच्या गाडीत वाचत यायची आणि सभेत घडी घालून बॅगेत ठेवायची. तिथे ती तिच्या भाषेत सांगायची. "आपले सर रिटायर झाले. सरकारनं त्यांची जागा भरली न्हाई. खुर्ची रिकामी म्हंजे तासिकेवर माणूस. तासिकेवाल्याला वेळेवर पगार न्हाई म्हंजे तोबी जातो. मग इषय बंद. इषय बंद झाला की पोरगं पुण्याला जातं, पोरगी घरी बसती. आन् घरी बसलेल्या पोरीचं काय करतात, ते तुमाला मी सांगायची गरज न्हाई."

इथे मुली एकमेकींकडे बघायच्या. मीही बघायचे.

"कावून बंद करायलेत पण?" गेवराईत एका मुलाने विचारलं.

"पैसा न्हाई म्हणतात."

"खरंच न्हाई का?"

"हाय. दुसऱ्या कामाला हाय," अक्का म्हणाली, आणि त्याची सही घेतली.

या पद्धतीने सह्या फार होत नसत. संघटनेच्या बैठकीत इतर जिल्हे गठ्ठेच्या गठ्ठे आणायचे आणि बीडचा गठ्ठा पाहून लोक गालातल्या गालात हसायचे. अक्काला त्याचं काही वाटत नसे. ती म्हणायची, "माझ्या सहीवाल्याला कुणीबी घरी जाऊन इचारा. कशावर केली ते सांगंल."

आमच्या कॉलेजचं दुखणं सगळ्यांना माहीत होतं. फिजिक्सला एके काळी भरगच्च स्टाफ होता. एक एक सर निवृत्त होत गेले आणि शेवटी कायम नोकरीतले एकटेच विभागप्रमुख उरले. अक्का एम.एस्सी. झाल्यावर त्याच विभागात तासिकेवर शिकवायला लागली आणि पीएच.डी.ला नाव घातलं, त्यामुळे संघटनेतही राहिली. प्राचार्यांनी तिला दोनदा बोलावून समजावलं. "उज्ज्वला, तासिकेवाल्या माणसाला हे परवडत नाही गं." तिने सांगितलं, "सर, परवडत असतं तर तुमीच केलं असतं की." प्राचार्य भले गृहस्थ होते. त्यांनी चहा मागवला.

संस्थेच्या अध्यक्षांना सगळे नुसते साहेब म्हणत. जमीनजुमला, राजकारण, दोन-तीन कॉलेजं. आम्ही निवेदन घेऊन त्यांच्या वाड्यावर गेलो. साहेबांनी आम्हाला गादीवर बसवलं, निवेदन पूर्ण वाचलं आणि म्हणाले, "तुमचं शंभर टक्के बरोबर हाय. माझा पाठिंबा हाय. मोर्चाला गाड्या लागल्या तर सांगा." मोर्चाला त्यांनी खरोखर गाड्या दिल्या. त्याच महिन्यात संस्थेने शेजारच्या इमारतीत भरमसाट फीचे नवे कोर्स सुरू केले. ते बघून येताना अक्का रिक्षात डोकं मागे टेकून म्हणाली, "समोरून लाठी घेऊन आलेला माणूस परवडला गं. त्याच्यासंगं भांडता येतं. ह्यो आपल्याच बाजूनं चालतो, ह्याला काय म्हणावं?"

मी तिसऱ्या वर्षाला असताना संघटनेने दिल्लीत देशव्यापी मोर्चा ठेवला. बीडहून आम्ही मोजक्या मुली गेलो. जनरल डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. दिल्लीत मोर्चा निघाला आणि थोडं चालल्यावर पोलिसांनी अडथळे लावून थांबवला. आम्हाला बसमध्ये कोंबून कुठल्याशा पोलिस ठाण्याच्या आवारात नेलं. आम्ही घाबरलेल्या. आता काय होणार? काहीच झालं नाही. केळी वाटली आणि संध्याकाळी जा म्हणाले. मधला सगळा वेळ अक्का भिंतीला टेकून गाढ झोपली होती. जाग आल्यावर म्हणाली, "लई दिवसांनी निवांत झोपले बघ. हितं कुणाचा फोन न्हाई, कुणाचा निरोप न्हाई."

आमच्याजवळ केरळातली एक मुलगी बसली होती. तिला हिंदी येत नव्हतं, अक्काला इंग्रजी बेताचंच. तरी दोघी बराच वेळ बोलत होत्या. मी विचारलं, "काय म्हणते?"

"तिचं डिपार्टमेंट बंद झालंय," अक्का म्हणाली. "रसायनाचं." आणि मग, "मला वाटलं होतं, दुसरीकडं तरी बरं असंल."

बीडला परतलो तर नोटीस बोर्डावर आमचीच वाट पाहत होती. पुरेशा कायम प्राध्यापकांअभावी एम.एस्सी. फिजिक्स बंद. नवे प्रवेश नाहीत, आणि पहिल्या वर्षाला असलेल्यांनी दुसरं कॉलेज बघावं. मी बोर्डासमोर उभी राहिले. मला एम.एस्सी. फिजिक्सच करायचं होतं. संभाजीनगरला किंवा लातूरला मला घरचे पाठवणार नव्हते. बीडला रोज जाऊन येते म्हणून तर बी.एस्सी.पर्यंत आले होते. अक्काने माझ्याकडे पाहिलं, पण धीराचं वगैरे काही बोलली नाही. म्हणाली, "सतरंजी कुठं हाय आपली?"

आम्ही गेटसमोर धरणं धरलं. पहिल्या दिवशी गेट भरून मुलं होती. वर्तमानपत्रवाले आले, साहेबांनी पाण्याचे जार पाठवले. मग परीक्षा जवळ आल्या. पोलिस भरतीची मुलं मैदानावर गेली. मुलींच्या घरून फोन आले. उन्हं वाढत गेली तशी सतरंजी रिकामी होत गेली. एके दुपारी तर आम्ही पाच जणीच होतो, त्यांत दोघींना ताप. रस्त्याने जाणारे लोक आता बघतही नव्हते. अक्काच्या तासिका बंद केल्याचं तिला त्या दिवशी कळवलं होतं. तिने निरोप आणणाऱ्या शिपायाला पाणी दिलं आणि बसायला सांगितलं.

त्याच दुपारी मन्मथआप्पा आले. पांढरं धोतर, टोपी, गळ्यात लिंगाची डबी, काखेत भाकरीचं गाठोडं. आम्ही सगळ्या सावरून बसलो. पोरीला घरी न्यायलाच आले असणार. अक्काही उठून उभी राहिली.

"आप्पा, मी येणार न्हाई," ती आधीच म्हणाली.

"चल म्हणून म्हणलं का मी?" आप्पांनी चपला सतरंजीच्या कडेला काढल्या. "दुकानात लोक इचारायलेत, तुमची पोरगी रस्त्यावर बसलीय म्हणं. म्हणलं, बघून यावं कशी बसलीय."

ते खाली बसले. गाठोडं सोडून त्यांनी प्रत्येकीच्या हातावर भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी ठेवली. मग अक्काला म्हणाले, "मला समजून सांग. कशापायी बसलीस?"

आणि अक्काने त्यांना सांगितलं. रिकामी खुर्ची, तासिका, बंद झालेला विषय, घरी बसलेली मुलगी. शेकडो वेळा सांगितलेलंच, पण वडिलांना पहिल्यांदा. आप्पांनी तिच्याकडे न बघता समोरच्या रस्त्याकडे बघत सगळं ऐकलं. संध्याकाळच्या बसपर्यंत ते तिथेच बसले. जाताना एवढंच बोलले, "बैस. पर जेवत जा."

शेवटी तोडगा निघाला. वरून पत्र आलं. जी मुलं पहिल्या वर्षाला आहेत, त्यांना इथेच दुसरं वर्ष पूर्ण करता येईल. त्यांना शिकवायला तासिकेवाले पुन्हा घ्यावेत. नवे प्रवेश मात्र नाहीत. मुलांनी गुलाल आणला. अक्काने गुलालाची पिशवी हातातून काढून घेतली.

"कावून, अक्का? जिंकलो की!"

"आत हायती त्यांचं झालं." तिने माझ्याकडे मान वळवली. "ही बाहेर राहिली ना."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. तिच्यावर राग नव्हता. इतक्या लोकांत ते कुणीतरी बोललं, याचंच रडू येत होतं. त्या संध्याकाळी ती माझ्याबरोबर वडवणीला आली आणि माझ्या वडिलांसमोर बसली. एम.एस्सी.ला बाहेरगावी पाठवा, असं तिने परोपरीने सांगितलं. वडिलांनी तिचं सगळं आदराने ऐकून घेतलं आणि नाही म्हणाले. बी.एड.ला मात्र तयार झाले, कारण त्याचं कॉलेज जवळ होतं. अक्काने तेवढ्यावर समाधान मानलं नाही, पण भांडलीही नाही. आईने वाढलेलं जेवली आणि ओट्यावर बसल्या बसल्या झोपली. आज मी गेवराईला शाळेत विज्ञान शिकवते ते त्या बी.एड.वर.

राहिलेल्या वर्षात अक्काने त्या शेवटच्या बॅचला शिकवलं. पगार कधी यायचा, कधी नाही. संघटनेचं कामही चालू होतं, पण बैठकांना नवी मुलं येत नव्हती. मी कधी बीडला गेले की विभागात डोकावायचे. प्रयोगशाळेत एका टेबलापुरताच वावर होता, बाकीच्या टेबलांवर धूळ. परीक्षा संपली आणि विभागाला कुलूप लागलं. निरोपसमारंभ ठेवायचा का, असं मुलांनी विचारलं. अक्का म्हणाली, "कुणाचा? भिंतींचा?"

थोड्याच दिवसांनी तिचा फोन आला. लातूरच्या एका खाजगी क्लासमध्ये तिला काम मिळालं होतं. तिथे दूरदूरची मुलं येऊन भरपूर फी भरून शिकतात. मी नुसतं बरं म्हणाले. तिनेच विषय काढला.

"बोल की. मनात आलंय ते बोल."

"काही नाही, अक्का."

"मला म्हायती हाय काय हाय ते. आयुष्यभर ज्याच्या इरोधात बोलले तिथंच शिकवायला चालले." तिच्या मागे एसटीचा हॉर्न वाजला. "दमले गं मी. लई दमले."

इतक्या वर्षांत हा शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

ती निघाली त्या दिवशी मी केजच्या स्टँडवर गेले. मन्मथआप्पा तिची ट्रंक घेऊन आले होते. फारसं बोलणं झालं नाही. बी.एड.च्या सरावपाठांना मुलं कशी आहेत, असं तिने विचारलं. चांगली आहेत, मी म्हणाले. लातूरची गाडी लागली. ती खिडकीशी बसली आणि गाडी स्टँडबाहेर पडायच्या आतच तिचे डोळे मिटलेले मला दिसले.

आप्पा आणि मी तिथेच उभे राहिलो. धूळ खाली बसली. आप्पांनी टोपी काढून झटकली, परत घातली.

"एवढं करून तिलाच गाव सोडावं लागलं," ते म्हणाले.

मी मान हलवली.

"आता फुडला मोर्चा कवा हाय?"

मला आधी नीट कळलं नाही. "काय, आप्पा?"

"मोर्चा. तुमच्या संघटनेचा. ती न्हाई तर काय झालं? मला कळवा. मी दुकान बंद करून येतो."

मोर्चा कुठलाच ठरलेला नव्हता. ठरवणारी नुकतीच गाडीत बसून गेली होती, आणि तिच्या मागे कुणीही नव्हतं. आप्पा माझ्या तोंडाकडे बघत उभे होते.

"कळवते, आप्पा," मी म्हणाले.